चांदीच्या सुईवरचा उजेड

१९२८ सालच्या फेब्रुवारीत कोलकात्यात चंद्रशेखर व्यंकट रामन आणि के. एस. कृष्णन यांना द्रवातून विखुरलेल्या उजेडात मूळ रंगापेक्षा वेगळी, अगदी फिकट छटा सापडली. त्याच वर्षी डब्लिनच्या एडवर्ड सिंज या एकांड्या संशोधकाने आइन्स्टाइनना पत्र लिहिलं. सोन्याचा इवलासा कण वस्तूच्या अगदी लगत धरला आणि त्याच्यावरून विखुरणारा प्रकाश टिपला, तर सूक्ष्मदर्शकाची मर्यादा ओलांडता येईल, असं त्याचं म्हणणं होतं. आइन्स्टाइनना ही युक्ती जमण्यासारखी वाटली नाही. सिंजने मग कणाऐवजी सूक्ष्म भोकाची कल्पना छापली. पुढे ती कित्येक वर्षं धूळ खात पडली.

रामन यांची ती छटा म्हणजे रेणूच्या थरथरीची सही. अणूंमधले बंध स्प्रिंगसारखे हलतात, त्यात प्रकाशाची थोडी ऊर्जा खर्ची पडते आणि रंग बदलतो. कोणत्या रेणूमुळे रंग किती सरकतो, यावरून त्याची ओळख पटते. पण ही सही फारच पुसट असते. साधारण कोटीभर प्रकाशकणांत एखादाच असा रंग बदलून येतो.

शिवाय अर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्येच सांगून ठेवलं होतं, की तरंगलांबीच्या साधारण निम्म्यापेक्षा बारीक तपशील भिंगाला वेगळा दाखवता येत नाही. हिरव्या उजेडासाठी हे अंतर अडीचशे नॅनोमीटरच्या आसपास भरतं. आणि पॉर्फिरिन नावाचा एखादा रेणू जेमतेम दोन नॅनोमीटरचा! जाड हातमोजे घालून मोहरी निवडण्यातलाच हा प्रकार.

दोन्ही अडचणींवर उपाय एकच निघाला: धातूची, जशी चांदीची, अणकुचीदार सुई. लेसर पडला की तिच्या पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन एका लयीत डोलतात आणि उजेड टोकाशी एकवटतो. २००० साली झुरिक आणि ओसाका इथल्या गटांनी हे करून दाखवलं. सिंजचा कण आता सुईच्या टोकावर आला होता, आणि त्याच्याखाली रामन परिणाम.

२०१३ मध्ये चीनमधल्या हफेईच्या गटाने चांदीवर बसवलेल्या एकाच पॉर्फिरिन रेणूच्या आतले फरक टिपले. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियात अर्व्हाइनला आरा अपकारियन यांच्या गटाने उणे २६७ अंश सेल्सिअसला एका रेणूची वेगवेगळी कंपनं चित्रात उतरवली. सुईचं टोक तर रेणूहून कितीतरी जाड. मग इतका बारकावा आला कुठून? टोकावर बाहेर आलेल्या एखाद्या अणूपाशीच प्रकाश दाटतो, असा खुलासा आता बहुतेकांना पटतो.

तो अणू मात्र मर्जीप्रमाणे बसवता येत नाही. सुई आज चालते, उद्या नाही. त्यातून देव्हाऱ्यातल्या निरांजनासारखी तिचीही चांदी हवेत काळवंडते, म्हणून सारा कारभार निर्वातात आणि हाताशी ताज्या सुया.