वाचणारा आवाज, ऐकणारे मन

नाशिकपासून सुमारे अठ्ठावीस किलोमीटर अंतरावर, ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी त्र्यंबकेश्वर वसले आहे. ज्योतिर्लिंग, कुशावर्त आणि गोदावरीचा उगम यांमुळे हे गाव सर्वांना परिचित आहे. येथेच संत निवृत्तिनाथांची समाधी आहे. पौष वद्य एकादशीच्या यात्रेला महाराष्ट्राच्या अनेक भागांतून दिंड्या येथे पायी येतात. टाळ, मृदंग, हरिपाठ आणि कीर्तन यांनी थंडीच्या त्या दिवसांत सारे गाव भरून जाते.

निवृत्तिनाथ हे ज्ञानेश्वरांचे थोरले बंधू आणि गुरू, हे सर्वश्रुत आहे. त्यांचे आणखी एक नाते मात्र सहसा ध्यानात घेतले जात नाही. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये नेवासे येथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तेव्हा ती ऐकणाऱ्या सभेतील प्रमुख श्रोते निवृत्तिनाथ होते. सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, असे परंपरा सांगते. सुमारे नऊ हजार ओव्यांचा हा ग्रंथ आधी उच्चारला गेला, ऐकला गेला आणि मग कागदावर उतरला. नवव्या अध्यायाच्या आरंभी तर ज्ञानेश्वर श्रोत्यांकडे अवधानाचीच मागणी करतात.

आज मोबाइल संचावर कादंबऱ्या, चरित्रे आणि प्रवचने ऐकण्याची सोय घरोघरी झाली आहे. 'ऑडिओबुक' किंवा 'श्राव्य पुस्तक' हा शब्द नवा आहे. पण पुस्तक कानाने ग्रहण करण्याची रीत या मातीला मुळीच नवी नाही. म्हणूनच एका प्रश्नाचा शांतपणे विचार करणे अगत्याचे ठरते. पुस्तक तेच, शब्दही तेच. मग वाचणारा आवाज बदलला की ऐकण्याचा अनुभव इतका का बदलतो?

काळाचा धनी कोण?

डोळ्यांनी वाचणे आणि कानांनी ऐकणे यांत आकलनाचा फार मोठा फरक पडतो, असा एक समज आहे. अमेरिकेतील बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात त्याच व्यक्तींना त्याच कथा एकदा ऐकवल्या आणि एकदा वाचायला दिल्या. दोन्ही वेळी शब्दांच्या अर्थाशी संबंधित अशी मेंदूतील हालचाल जवळजवळ सारखीच आढळली. अर्थ कोणत्याही दाराने आत येऊ शकतो, एवढे त्यावरून म्हणता येते.

फरक पडतो तो काळाचा. स्वतः वाचणारा माणूस आपल्या वेळेचा धनी असतो. एखादे वाक्य आवडले तर तो थांबतो, कळले नाही तर मागे वळतो, कंटाळा आला तर दोन परिच्छेद ओलांडून पुढे जातो. श्रोता मात्र निवेदकाच्या चालीने चालतो. कोठे श्वास घ्यायचा, कोठे क्षणभर थांबायचे, कोणत्या शब्दावर किंचित रेंगाळायचे, हे निवेदक ठरवतो. ज्या ठिकाणी लेखकाने केवळ पूर्णविराम दिला आहे, त्या ठिकाणी निवेदकाला मौन द्यावे लागते. आणि ते मौन किती लांब असावे, हे कोणत्याही छापील पानावर लिहिलेले नसते.

'तू उद्या नाशिकला येणार?' हे साधे वाक्य घ्यावे. 'तू'वर जोर दिला तर त्यात आश्चर्य येते, 'उद्या'वर दिला तर घाई येते, 'नाशिकला'वर दिला तर शंका येते. कागदावर हे तिन्ही अर्थ एकत्र नांदतात. आवाज त्यांतला एक निवडतो आणि उरलेले दोन बाजूला ठेवतो. निवेदक हा श्रोत्याच्या आधी पुस्तक वाचून गेलेला वाचक असतो आणि त्याच्या वाचनाची छाया श्रोत्याच्या मनावर पडल्यावाचून राहत नाही.

मराठीच्या बाबतीत ही जबाबदारी अधिकच नाजूक आहे. च, ज आणि झ ही अक्षरे मराठीत दोन प्रकारे उच्चारली जातात, पण लिहिली जातात एकाच रीतीने. 'जरा थांबा' यातील 'जरा' आणि 'जन्म, जरा, मृत्यू' यातील 'जरा' कागदावर अगदी सारखे दिसतात. पहिल्याचा अर्थ थोडेसे, दुसऱ्याचा अर्थ वार्धक्य. जाणता निवेदक संदर्भ पाहून योग्य उच्चार करतो. अजाणत्याच्या किंवा यंत्राच्या तोंडी येथे चूक झाली, तर वैराग्याचे गंभीर वाक्यही क्षणात हास्यास्पद होते.

एकच कंठ, अनेक माणसे

शिवाजी सावंत यांच्या 'मृत्युंजय'मध्ये कर्ण, कुंती, वृषाली, दुर्योधन, शोण आणि कृष्ण आपापली बाजू स्वतः सांगतात. वि. स. खांडेकरांच्या 'ययाति'मध्ये ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा बोलतात. अशा कादंबऱ्या ध्वनिमुद्रित करताना पहिलाच पेच पडतो, की प्रत्येकासाठी निराळा आवाज घ्यावा की एकाच कंठाने सर्वांना बोलते करावे?

या प्रश्नाचे एक सुंदर उत्तर महाराष्ट्राने पूर्वीच अनुभवले आहे. १ एप्रिल १९५५ रोजी पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झाले. ग. दि. माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडके यांचे संगीत असलेली ती ५६ गीते मूळ प्रसारणात निरनिराळ्या गायक-गायिकांनी गायिली. पुढे फडके यांनी एकट्याने त्यांचे असंख्य कार्यक्रम केले. तेव्हा सीतेची व्यथा पुरुषाच्या आवाजात ऐकताना श्रोत्यांना उणीव जाणवली नाही. गायकाने स्त्रीच्या आवाजाची नक्कल केली नव्हती; तो तिच्या भावनेपर्यंत पोहोचला होता. पुस्तकाच्या निवेदनालाही हाच नियम लागू पडतो. प्रत्येक पात्रासाठी सोंग आणणारा निवेदक आरंभी करमणूक करतो, पण दहा-बारा तासांच्या श्रवणात तो थकवून टाकतो. लय, स्वराची उंची आणि बोलण्याची घाई यांत किंचित बदल करणाऱ्या निवेदकाबरोबर मात्र श्रोता शेवटपर्यंत चालतो.

लेखक स्वतः वाचतो तेव्हा आणखी वेगळी गोष्ट घडते. पु. ल. देशपांडे यांची 'म्हैस' किंवा 'अंतू बर्वा' ज्यांनी ध्वनिफितीवर ऐकली, त्यांना तीच कथा छापील पानावर वाचतानाही पु. लं.चाच आवाज ऐकू येतो. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांनी गावोगावी केलेल्या कथाकथनाचीही अशीच आठवण जुनी पिढी सांगते. हा त्या आवाजांचा विजय आहे. पण त्यात एक लहानशी हानीही आहे. एकदा का असा आवाज कथेला चिकटला, की श्रोत्याला आपल्या मनातला अंतू बर्वा घडवण्याची मोकळीक उरत नाही. उत्तम निवेदनाची खरी कसोटी येथे लागते. आवाजाने चित्र उभे करावे, पण त्याची चौकट श्रोत्याच्या कल्पनेसाठी थोडी मोकळी सोडावी.

श्रावक म्हणजे ऐकणारा

नाशिकहून त्र्यंबकेश्वरला जाताना वाटेत अंजनेरी लागते. तेथे यादवकालीन जैन मंदिरांचे अवशेष आहेत आणि चंद्रप्रभ स्वामींच्या मंदिराला दिलेल्या दानाची नोंद करणारा बाराव्या शतकातील शिलालेखही आहे. या परिसरात जैन समाज किती जुन्या काळापासून नांदत होता, याची ती साक्ष आहे. त्या समाजातील गृहस्थाला 'श्रावक' म्हणतात, आणि तो शब्द 'ऐकणे' या अर्थाच्या 'श्रु' धातूपासून आला आहे.

आगमांचे ज्ञान अनेक शतके कंठस्थ राहिले. वलभी येथे देवर्धिगणी क्षमाश्रमणांच्या नेतृत्वाखाली ते ग्रंथारूढ करण्यात आले, त्या संमेलनालाही 'वाचना' हेच नाव आहे. जे ज्ञान आवाजावर अवलंबून होते, त्याने आवाजाची शिस्तही घालून दिली. अनुयोगद्वार सूत्रात पठणाचे गुण बारकाईने सांगितले आहेत. अक्षर गळू नये, पदरचे अक्षर घालू नये, अडखळू नये, शब्द एकमेकांत मिसळू नयेत, घोष पूर्ण असावा आणि उच्चार कंठ व ओठ यांतून स्वच्छ बाहेर पडावा. आजच्या ध्वनिमुद्रण कक्षात निवेदकाला दिल्या जाणाऱ्या सूचना यांहून फारशा निराळ्या नाहीत.

परंतु ते सूत्र एवढ्यावर थांबत नाही. हे सर्व गुण असूनही 'उपयोग', म्हणजे सजग चित्त, नसेल, तर ती क्रिया केवळ 'द्रव्य' ठरते, भाव ठरत नाही. निर्दोष पठणसुद्धा अवधानावाचून पोकळ राहते. वाचणाऱ्यासाठी सांगितलेली ही गोष्ट ऐकणाऱ्यालाही तितकीच लागू आहे. कानांत यंत्र अडकवून, वेग दुप्पट करून, एकीकडे संदेश पाहत आणि दुसरीकडे भाजी निवडत ऐकलेले पुस्तक संपते खरे. पण त्यातले काय उरते, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःलाच विचारायचा आहे.

जेथे आवाज हाच ग्रंथ

डोळस माणसासाठी श्राव्य पुस्तक हा एक पर्याय आहे. दृष्टिहीन वाचकासाठी मात्र अनेकदा तोच एकमेव मार्ग असतो. बोलत्या पुस्तकांचा इतिहास या गरजेतूनच सुरू झाला. १९३० च्या दशकात अमेरिका आणि ब्रिटन येथे अंध वाचकांसाठी तबकड्यांवर पुस्तके ध्वनिमुद्रित होऊ लागली. ब्रिटनमधील सेवा १९३५ मध्ये सुरू झाली. महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांची गरज तिच्यामागे होती. भारतात १९५२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, म्हणजेच 'नॅब' या संस्थेने बोलत्या पुस्तकांचे काम हाती घेतले.

पुढे कायद्याचेही साहाय्य मिळाले. २०१२ च्या दुरुस्तीने भारतीय स्वामित्व हक्क कायद्यात अपंग व्यक्तींसाठी सुलभ स्वरूपात पुस्तके तयार करण्याची मुभा दिली. याच उद्देशाच्या माराकेश कराराला २०१४ मध्ये मान्यता देणारा भारत हा जगातील पहिला देश ठरला. २०१६ मध्ये 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले.

अशा वाचकासाठी वाचणाऱ्याचे कर्तव्य निराळे असते. परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला नाट्य नको असते; त्याला स्पष्टता हवी असते. तक्ता असेल तर त्याच्या ओळी क्रमाने सांगाव्या लागतात, आकृतीचे वर्णन करावे लागते, अपरिचित नावाचे लेखन फोड करून ऐकवावे लागते. येथे आवाजाने मागे राहून शब्दांना पुढे जाऊ द्यायचे असते. श्रोत्याचा सारा विश्वास त्या एका आवाजावर असतो. एक ओळ गाळली गेली, तर ती गाळली गेल्याचे त्याला कधी कळणारही नाही. म्हणून अशा वाचनात प्रामाणिकपणा हाच पहिला स्वरगुण मानावा लागतो.

घरातला आवाज

नोव्हेंबर २०१७ मध्ये स्वीडनची 'स्टोरीटेल' ही सेवा भारतात आली, तेव्हा आरंभापासून तिच्यात मराठीचा समावेश होता. त्यानंतर मराठी श्राव्य पुस्तकांचा विस्तार झाला. आता संगणकाने घडवलेले आवाजही पुस्तके वाचू लागले आहेत. ते थकत नाहीत, अडखळत नाहीत आणि स्वस्तही पडतात. बातमी किंवा माहिती ऐकण्यासाठी ते पुरेसेही ठरतील. पण दुःखद प्रसंग वाचताना माणसाचा स्वर नकळत ओलावतो, त्या ओलाव्याला पर्याय सापडणे कठीण आहे.

याच नाशिकच्या कारागृहात फेब्रुवारी १९३३ मध्ये साने गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिली. त्या पुस्तकाची प्रकरणे 'रात्र पहिली', 'रात्र दुसरी' अशी बेचाळीस रात्रींत विभागली आहेत, कारण श्याम त्या आठवणी आपल्या सोबत्यांना रात्री बसून सांगतो. ते पुस्तक मुळातच एका आवाजाभोवती आणि त्याच्या सभोवार जमलेल्या श्रोत्यांभोवती रचलेले आहे. कुटुंबात दररोज एक रात्र मोठ्याने वाचण्यासाठी त्याहून योग्य पुस्तक शोधणे अवघड आहे.

आवाजाची ही ओढ जन्माआधीच सुरू होते. अमेरिकेत १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात नवजात बाळे परक्या स्त्रीपेक्षा आपल्या आईचा आवाज ऐकणे पसंत करतात, असे दिसून आले. आयुष्याच्या दुसऱ्या टोकालाही हेच घडते. मोतीबिंदूने किंवा वार्धक्याने अक्षरे अंधुक झालेल्या आजी-आजोबांना मोबाइल संच हाती दिला की मुलांना कर्तव्य पार पडल्याचे समाधान वाटते. श्राव्य पुस्तक त्यांची दुपार निश्चितच सुखाची करू शकते. निवड करताना मात्र आधी थोडा भाग त्यांना ऐकवावा, आवाज मानवतो का ते त्यांनाच विचारावे आणि वेग त्यांच्या सवडीचा ठेवावा. आठवड्यातून एखादी संध्याकाळ नातवाने शेजारी बसून स्वतः चार पाने वाचावीत. तो अडखळेल, 'जरा'चा उच्चारही चुकवेल. पण आजी त्याला थांबवून दुरुस्त करील आणि त्या शब्दावरून एखादी जुनी गोष्ट निघेल. ध्वनिमुद्रित निवेदकाला श्रोत्याकडून असे कधीच थांबवता येत नाही.

त्र्यंबकेश्वरी समाधीपुढे माथा टेकणारे वारकरी निवृत्तिनाथांना गुरू म्हणून वंदन करतात. ज्या सभेत ज्ञानेश्वरी उच्चारली गेली, तेथे हे गुरू शिष्याच्या पुढ्यात श्रोता होऊन बसले होते, हे त्या वंदनाच्या वेळी आठवावे. बोलणाऱ्या आवाजाला ग्रंथाची उंची लाभली, त्यात त्या ऐकण्याचाही वाटा आहे.