दोन तृतीयांश गॅस परत देताय? गॅस बूस्टर आणि पावसाळ्यातलं पाणी

आज अकोल्याचं बोलू. विदर्भातलं अकोला नव्हे, आपलं प्रवरेकाठचं अकोले.

इथे अगस्ती कारखाना, शेजारी संगमनेर, खाली प्रवरानगर. सगळा साखरेचा पट्टा. ऊस पिळताना मिलच्या वरच्या रोलरवर दाब टिकवायला हायड्रॉलिक अॅक्युम्युलेटर लावतात आणि त्यांच्या ब्लॅडरमध्ये नायट्रोजन असतो. हंगाम संपला की हे ब्लॅडर तपासायचे, खराब झालेले बदलायचे, गॅस पुन्हा भरायचा. छोट्या सर्व्हिसवाल्याला जमण्यासारखं काम आहे.

पण हिशोब बघा. सिलिंडर ४७ लिटरचं, भरलेलं असताना १५० बार. म्हणजे ढोबळमानाने ७,०५० लिटर गॅसचे पैसे तुम्ही मोजले. अॅक्युम्युलेटरमध्ये समजा १०० बार भरायचेत. सिलिंडर १०० वर आलं की गॅस पुढे सरकत नाही. आत ४,७०० लिटर शिल्लक, आणि तुम्ही म्हणता "संपलं"!

हा उरलेला गॅस हवेवर चालणारा बूस्टर ओढून घेतो. एका बाजूला मोठा पिस्टन, त्याला कंप्रेसरची हवा. त्याच दांड्यावर पलीकडे छोटा पिस्टन, तो गॅस दाबतो. गुणोत्तर ३०:१ असेल तर ५ बार हवेवर १५० बारपर्यंत जातो आणि दोन्हीकडचा जोर सारखा झाला की आपोआप थांबतो. मात्र सिलिंडर अगदी १० बारच्या खाली गेल्यावर १०० बार मागू नका. नुसता टक-टक करत राहील, गॅस फारसा जाणार नाही.

आता खरी गंमत. हंगाम बंद, म्हणजे बाहेर पावसाळा. पश्चिमेला घाटघर-रतनवाडीला तर पाऊस कोसळत असतो. जुलैच्या दमट हवेत दर घनमीटरला २० ग्रॅमच्या आसपास पाणी धरा. तासाला ३० घनमीटर हवा ओढणारा कंप्रेसर ती ७ बारला दाबून थंड करतो, तेव्हा तासाभरात जवळपास अर्धा लिटर पाणी सुटतं. टाकीत पाणी साचत गेलं की ते हवेबरोबर बूस्टरकडे निघतं. तिथे हवा एक्झॉस्टमधून फुसकन बाहेर पडताना एकदम गार होते आणि सायलेन्सरमध्ये बर्फ धरतो. बूस्टर मंदावतो, अडकतो. दहा मिनिटं थांबलं की परत चालू! मेकॅनिक म्हणतो सील गेलं. नवीन सील टाकलं, तरी तेच. असे पैसे मीही घालवलेत, म्हणून सांगतो: आधी टाकीचा ड्रेन कॉक उघडा, फिल्टरची वाटी बघा. एअर ड्रायर परवडत असेल तर घ्याच.

सील खरंच गेलंय का, हे कानाने कळतं. आउटलेट बंद करून बूस्टर थांबू द्या. थांबल्यावरही एक्झॉस्टमधून हवा सुसू करत असेल, तर हवेकडचं सील किंवा स्पूल व्हॉल्व्ह. मधेच एखादा टक ऐकू येत असेल, तर आधी साबणाच्या पाण्याने सगळे जोड तपासा. तिथे बुडबुडे नसतील तर गॅसकडचं सील किंवा चेक व्हॉल्व्ह.

आणि हो, दोन गोष्टींत चेष्टा नाही. अॅक्युम्युलेटरमध्ये ऑक्सिजन कधीच भरायचा नाही. तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो. बंद खोलीत नायट्रोजन सोडायचा नाही. वास येत नाही, माणूस गुदमरून पडतो. "उरलेला गॅस दुसऱ्या सिलिंडरमध्ये भरून विकू" असंही कुणी सुचवेल. सिलिंडर भरायला २०१६ च्या गॅस सिलिंडर नियमांप्रमाणे पेसोचा परवाना लागतो.

वर्षाला दोन-तीनच अॅक्युम्युलेटर मिळत असतील तर बूस्टर विकत घेऊ नका, भाड्याने बघा. काम जास्त असेल तर कोटेशन देताना कंप्रेसरची वीज आणि सील किटचा खर्च धरा. सील किट पावसाआधीच आणून ठेवा. जुलैमध्ये मशीन बंद पडल्यावर धावपळ केली की कुरिअरची वाट बघण्यातच कारखान्याची तारीख निघून जाते.