विमानाच्या पंखातले जोड : बोल्ट, डिंक की भट्टी?

विमानाचा पंख आतून कसा असतो, हा प्रश्न तुम्हाला कधी पडला आहे का? बाहेरून दिसते ती फक्त गुळगुळीत कातडी. आत एक सांगाडा असतो आणि त्याचे तुकडे एकमेकांना आणि कातडीला जोडलेले असतात. या वर्षी सेमिनारसाठी मी कंपोझिट स्ट्रक्चर्स हा विषय घेतला. कार्बन फायबर किती हलकं आणि किती मजबूत हे सगळेच सांगतात, पण वाचता वाचता लक्षात आलं की खरी डोकेदुखी जोडांची आहे. म्हणून हा लेख फक्त जोडांवर. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, त्यामुळे मराठी कुठे अडखळलं तर सांभाळून घ्या!)

आणखी एक कारण आहे. मी दीपनगरच्या कॉलनीत वाढले. पप्पा औष्णिक विद्युत केंद्रात बॉयलर मेंटेनन्सला आहेत, त्यामुळे आमच्याकडे जेवतानासुद्धा ‘ट्यूब लीकेज’ हा विषय निघतो. ५०० मेगावॉटच्या युनिटच्या बॉयलरमध्ये नळ्यांना हजारो वेल्डिंगचे जोड असतात. महत्त्वाच्या जोडांचे एक्स-रे काढतात, आणि बॉयलर नवा असेल तर पाणी भरून कामाच्या दाबाच्या दीडपट दाब देऊन बघतात. मी विषय सांगितला तेव्हा पप्पांनी दोनच गोष्टी विचारल्या, “वेल्डिंग नाही तर जोडतात कसं? आणि जोडलं तर तपासतात कसं?” पहिल्याचं उत्तर पटकन मिळालं. दुसऱ्याने मात्र मला महिनाभर लायब्ररीत बसवलं.

पंखाचा सांगाडा

पंख म्हणजे थोडक्यात एक लांब, चपटी पेटी. वर आणि खाली कातडी म्हणजे स्किन. लांबीच्या दिशेने जाणाऱ्या तुळया म्हणजे स्पार. रुंदीच्या दिशेने बसवलेल्या पट्ट्या म्हणजे रिब, त्या पंखाचा आकार धरून ठेवतात. मधल्या पोकळीत बहुतेक मोठ्या विमानांचं इंधन भरलेलं असतं.

उडताना हवा पंखाला वर उचलते. पंख वर वाकतो, खालची स्किन ताणली जाते, वरची दाबली जाते आणि स्पारचा उभा भाग, म्हणजे वेब, शिअर घेतो. हे सगळे एकत्र काम करतात ते केवळ जोडांमुळे. पटत नसेल तर दोन सारख्या प्लास्टिकच्या फुटपट्ट्या एकावर एक ठेवून वाकवा. त्या एकमेकींवरून सरकतील. आता त्याच पूर्ण चिकटवून वाकवा. ताठपणा चौपट होतो (सेकंड इयरचं स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स आठवा, जाडीचा घन!). फुटपट्टी तीच, फरक फक्त जोडाचा. पंखात स्पार आणि स्किनमधला जोड सुटला, तर पेटीची पेटी राहत नाही.

केळीचं पान आणि कार्बन

कंपोझिट समजायला आपल्या भागात केळीच्या बागेत जाणं पुरेसं आहे. केळीचं पान शिरांच्या दिशेने चर्रकन फाटतं, वाऱ्याने त्याच्या झिरमिळ्या होतात. पण शिरा तोडत फाडायला गेलात तर जोर लागतो. कार्बन फायबरचा एक थर अगदी तसाच. धाग्यांच्या दिशेने प्रचंड मजबूत, आडव्या दिशेने कमजोर. म्हणून असे पातळ थर वेगवेगळ्या कोनांत, ०, ४५, ९० अंशांत, एकावर एक रचतात आणि भट्टीत दाब आणि उष्णता देऊन इपॉक्सी पक्कं करतात. या भट्टीला ऑटोक्लेव्ह म्हणतात. तो मोठा प्रेशर कुकरच समजा, फक्त आत साधारण १२० किंवा १८० अंश तापमान आणि वातावरणाच्या कित्येक पट दाब.

इथे एक मेख आहे. थर कितीही रचले तरी एका थरातून दुसऱ्या थरात जाणारा धागा नसतो. दोन थरांमध्ये फक्त इपॉक्सी. म्हणजे जाडीच्या दिशेने ओढलं तर हे मटेरियल वहीच्या पानांसारखं सुटतं. आणि जोड नेमका तिथेच ओढतो.

पहिला मार्ग : बोल्ट

अॅल्युमिनियमच्या विमानात रिव्हेट मारायचे, संपलं. भोकाच्या काठाला ताण वाढतो, पण अॅल्युमिनियम तिथे थोडंसं यील्ड होतं आणि भार शेजारच्या रिव्हेटला वाटून देतं. कार्बनला हे जमत नाही. ते यील्ड होत नाही, सरळ तुटतं. त्यामुळे भोकांच्या आसपास जादा थर लावावे लागतात आणि हलकेपणाचा फायदा तिथेच खर्च होतो.

ड्रिल मारणं हीसुद्धा परीक्षाच. ड्रिल पलीकडे निघताना शेवटचे थर उखडतात, म्हणून मागून आधार देतात. शिवाय कार्बन आणि अॅल्युमिनियम एकमेकांना लागून ओले झाले की अॅल्युमिनियम गंजतं, म्हणून महागडे टायटॅनियमचे फास्टनर. आणि पंखात इंधन! प्रत्येक भोक सील करायचं, शिवाय वीज पडली तर फास्टनरपाशी ठिणगी उडू नये याची सोय करायची.

एवढं असूनही बोल्ट गेलेले नाहीत. बोइंग ७८७ च्या वजनातला जवळजवळ अर्धा वाटा कंपोझिटचा आहे. जपानमध्ये नागोयाला तयार होणाऱ्या त्याच्या पंखात लांबीच्या स्ट्रिंगर पट्ट्या स्किनशी एकजीव केलेल्या असतात, पण रिब अॅल्युमिनियमच्या आणि बोल्टने बसवलेल्या. बोल्ट डोळ्यांना दिसतो, टॉर्क मोजता येतो, काढून परत लावता येतो. मेंटेनन्सवाल्या माणसाला हे किती मोलाचं आहे ते पप्पांना विचारा.

दुसरा मार्ग : डिंक

डिंक म्हणजे अर्थातच इपॉक्सीचं अॅडहेसिव्ह, बहुधा फिल्मच्या रूपात. भोकं नाहीत, भार एका ठिपक्यावर न येता पट्टीभर पसरतो, वजन कमी. मग सगळीकडे डिंकच का नाही?

कारण चिकटवलेला जोड सरकवायला गेलं तर ताकदवान असतो, पण सोलायला गेलं तर दुबळा. भिंतीवरचा सेलोटेप आठवा. खाली खेचला तर निघत नाही, कोपरा धरून सोलला की सहज येतो. पंखात सोलणारे बल येतातच. इंधनाचा दाब स्किनला बाहेर ढकलतो, दबलेली स्किन लाटेसारखी फुगते, आणि दोन्हींमुळे स्पारची फ्लँज कडेपासून सुटायला बघते. ताण सगळ्यात जास्त जोडाच्या टोकांना असतो, म्हणून जोड दुप्पट लांब केला तरी ताकद दुप्पट होत नाही. उपाय म्हणून फ्लँजच्या कडा निमुळत्या करतात. काही जण टोकाला चार फास्टनरही मारतात. इंजिनिअर त्यांना गमतीने ‘चिकन रिव्हेट’ म्हणतात, म्हणजे डिंकावर भरवसा न ठेवणाऱ्या भित्र्याचे रिव्हेट! (मेसमधल्या रविवारच्या मेनूशी संबंध नाही.)

तिसरा मार्ग : भट्टीतच एकजीव

स्पार कच्चा, स्किनही कच्ची, दोन्ही एकत्र भट्टीत घातले तर त्याला को-क्युअरिंग म्हणतात. एक पक्का आणि दुसरा कच्चा असेल तर को-बॉन्डिंग. दोन्ही पक्के झाल्यावर चिकटवले तर ते सेकंडरी बॉन्डिंग.

को-क्युअरिंग वेल्डिंगच्या सगळ्यात जवळ जातं, कारण दोन्हींकडचं इपॉक्सी एकत्रच पक्कं होतं. पण साचे गुंतागुंतीचे आणि महाग. एक कोपरा बिघडला तर अख्खा भाग बाद. वेगवेगळे भाग करून नंतर जोडायचे तर दुसरीच कटकट : ९० अंशाच्या साच्यात केलेला कोन थंड झाल्यावर एक-दोन अंशांनी आत मिटतो. मग रिब आणि स्किन नीट टेकत नाहीत. कार्बनचे भाग बोल्टने आवळून जवळ आणायचे नाहीत, फट लिक्विड शिमने भरायची.

आणखी एक मजा सांगते. वेबचे थर दोन बाजूंना वळून T आकार होतो, तेव्हा मधोमध एक छोटी तिकोनी पोकळी राहते. ती कार्बनच्या धाग्यांच्या वळकटीने भरतात. तिचं नाव चक्क ‘नूडल’! हॉस्टेलवरच्या मंडळींना हे नाव लक्षात ठेवायला अवघड जाऊ नये. पण हीच नूडल नीट भरली नाही तर T जोडाची पहिली चीर बहुधा तिथूनच सुरू होते.

या तंत्रात आपला देश मागे नाही. ४ जानेवारी २००१ ला पहिल्यांदा उडालेल्या तेजसच्या ढाच्यात वजनाने सुमारे ४५ टक्के कंपोझिट आहे. त्याच्यासाठी बंगळुरूच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजने को-क्युअर आणि को-बॉन्ड तंत्र विकसित केलं. कंपोझिटमुळे विमानातली जवळपास २००० भोकं वाचली असं सांगितलं जातं. आपल्या महाराष्ट्रात नाशिकच्या एचएएलमध्ये तयार झालेलं पहिलं तेजस मार्क १ए १७ ऑक्टोबर २०२५ ला उडालं. आणि नागपूरला मिहानमध्ये टाटांच्या कारखान्यात बोइंग ७८७ चे कंपोझिट फ्लोअर बीम बनले. म्हणजे हा विषय फक्त परदेशी पुस्तकातला नाही.

पप्पांचा दुसरा प्रश्न

आता तपासणी. चिकटवलेल्या जोडात फट किंवा बुडबुडा असेल तर अल्ट्रासाउंडला सापडतो. पण समजा पृष्ठभागावर साच्याच्या रिलीज एजंटचा पुसट थर राहिला. डिंक टेकला, पण धरला नाही. याला ‘किसिंग बॉन्ड’ म्हणतात. अल्ट्रासाउंड त्यातून आरपार जातो आणि रिपोर्ट येतो : ओके. ताकद मात्र नावापुरती. जोड न तोडता त्याची ताकद सांगणारं खात्रीचं यंत्र कारखान्यांच्या हाती अजून नाही. वेल्डिंगचा एक्स-रे काढणाऱ्याला हे ऐकून धक्का बसतो.

म्हणून सगळा भर कामाच्या शिस्तीवर. चिकटवण्याआधी पृष्ठभाग घासायचा, भागात मुरलेला दमटपणा वाळवायचा, पाणी टाकून बघायचं. पाण्याचा सलग पडदा राहिला तर स्वच्छ, थेंब झाले तर पुन्हा घासा. हातमोज्यांशिवाय हात लावायचा नाही.

शिस्त सुटली तर काय होतं? २८ एप्रिल १९८८ ला अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ चं सुमारे १८ फूट छत हवाई बेटांजवळ उडताना निघून गेलं. ते अॅल्युमिनियमचं विमान होतं, पण पत्र्यांचे जोड चिकटवून वर रिव्हेट मारलेले होते. दमटपणाने डिंक सुटला, सगळा भार रिव्हेटवर आला, जवळपास ९० हजार उड्डाणांत भोकांपाशी चिरा पडल्या आणि त्या एकमेकींना मिळाल्या. वैमानिकांनी विमान उतरवलं, पण एक हवाईसुंदरी प्राणास मुकली.

अमेरिकेच्या एफएएने चिकटवलेल्या महत्त्वाच्या जोडांसाठी तीन पर्याय ठेवले आहेत. एक : जोड सुटला तरी तो ठरावीक मर्यादेतच थांबेल अशी रचना करा आणि तेवढं सुटूनही पंख भार पेलेल हे दाखवा. दोन : तयार झालेला प्रत्येक नग भार देऊन तपासा. तीन : ताकद खात्रीने सांगणारी तपासणी आणा. तिसरा अजून हाती नाही. दुसरा म्हणजे आपली बॉयलरची हायड्रॉलिक टेस्ट, पण प्रत्येक पंखाला करायची म्हणजे खर्च. म्हणून बहुतेक जण पहिला निवडतात, आणि चिकन रिव्हेट परत येतात. ते भित्रेपणाचे नाहीत, हे मला आता पटलंय.

घराजवळचा पंख

विमान लांब राहिलं. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या ब्राह्मणवेल भागात पवनचक्क्या आहेत. त्यांचं पातं म्हणजे पंखच : ग्लास फायबरचे दोन अर्धे कवच, मध्ये शिअर वेब, सगळं अॅडहेसिव्ह पेस्टने चिकटवलेलं. वरचा साचा मिटल्यावर आत पेस्ट कुठे पसरली ते दिसत नाही. असं पातं २० वर्षांत १० कोटींहून जास्त वेळा भार झेलतं. तिथे पातं तुटलं तर बहुधा शेतात पडतं. विमानाला ती सवलत नाही.

आणि पप्पांसाठी चांगली बातमी : कंपोझिटचं वेल्डिंगही होतं! इपॉक्सी एकदा पक्कं झालं की वितळत नाही, पण थर्मोप्लास्टिक वितळतं. २७ एप्रिल २००५ ला पहिल्यांदा उडालेल्या एअरबस ए३८० च्या पंखाच्या पुढच्या कडेत ग्लास फायबर आणि थर्मोप्लास्टिकच्या रिब स्किनला वीजप्रवाहाने तापवून वेल्ड केलेल्या आहेत. हे ऐकून पप्पा म्हणाले, “मग ठीक आहे.”

शेवटी एक प्रयोग. अॅल्युमिनियमच्या चार पट्ट्या घ्या. दोन पॉलिश पेपरने घासून स्वच्छ करा, दोनांवर तेलकट बोट फिरवा. अॅराल्डाइटने दोन जोड करा, २४ तास ठेवा. बाहेरून दोन्ही जोड सारखेच दिसतील. मग वर्कशॉपच्या सरांची परवानगी काढून यूटीएमवर ओढा आणि आकडे लिहून ठेवा. ज्यांना सेमिनारचा विषय अजून सापडलेला नाही त्यांच्यासाठी हा माझ्याकडून फुकट. अॅराल्डाइट मात्र तुमचं तुम्ही आणा.