सर्वसमावेशक ऑनलाइन अभ्यासक्रमाची रचना : मराठी पाठ्यसामग्रीच्या संदर्भात

प्रस्तावना :

पवना नदीकाठचे पिंपळे गुरव हे मूळचे गाव आज पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेतील दाट वस्तीचा भाग आहे. पिंपरी, भोसरी व चाकण येथील कारखान्यांत पाळीने काम करणारी, राज्याच्या निरनिराळ्या जिल्ह्यांतून आलेली कुटुंबे येथे राहतात. अशा वस्तीतील विद्यार्थी एका साच्याचा असू शकत नाही. एकास रात्रपाळीनंतर दुपारी अभ्यास करावयाचा असतो, दुसरीच्या घरी सर्वांत मिळून एकच मोबाइल असतो, तर तिसऱ्यास पडद्यावरील अक्षर दिसत नाही. महाविद्यालयात येणे ज्यांना अवघड, त्यांच्यासाठी 1989 मध्ये नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. पुढे 2017 मध्ये केंद्र शासनाचे ‘स्वयम्’ सुरू झाले आणि 2020 च्या टाळेबंदीत ऑनलाइन अध्यापन सर्वांच्याच वाट्याला आले. तथापि पाठ पडद्यावर आणल्याने तो सर्वांपर्यंत पोहोचतोच असे नाही. मराठी पाठ्यसामग्रीत ही अडचण नेमकी कोठे उद्भवते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कायद्याची बाजू :

2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे 29 लाख 60 हजार दिव्यांग व्यक्ती होत्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 ने दिव्यांगत्वाचे 21 प्रकार मान्य केले. त्याच्या कलम 42 नुसार ध्वनी, मुद्रित व इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील आशय सुलभ स्वरूपात मिळेल, यासाठी शासनाने उपाय योजावयाचे आहेत. 30 एप्रिल 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांची उपलब्धता हा अनुच्छेद 21 मधील जीवनाच्या हक्काचा भाग मानला. म्हणजे ही बाब आता शिक्षकाच्या सौजन्यावर सोडण्यासारखी राहिलेली नाही.

मजकूर व टंक :

दृष्टिहीन विद्यार्थी संगणकावर वा मोबाइलवर पडदा-वाचक आज्ञावलीच्या साहाय्याने वाचतो. एनव्हीडीए ही अशी आज्ञावली विनामूल्य मिळते. ही आज्ञावली पडद्यावरील आकृती पाहत नाही. आकृतीमागे साठविलेली अक्षरांची सांकेतिक संख्या वाचते. मराठीची खरी अडचण येथेच आहे. युनिकोड प्रचलित होण्यापूर्वी, आणि अनेक छापखान्यांत व कार्यालयांत त्यानंतरही, मराठी टंकलेखन कृतिदेव, श्री-लिपी यांसारख्या टंकांत होत असे. या जुन्या टंकांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसविलेले असतात. कृतिदेवमध्ये ‘शाळा’ हा शब्द डोळ्यांना शाळाच दिसतो; परंतु त्यामागे एक अवतरणचिन्ह आणि के, के, जी, के ही रोमन अक्षरे असतात. पडदा-वाचक तीच उच्चारतो. डोळसांना निर्दोष वाटणारी टिपणे दृष्टिहीनांसाठी निरर्थक ध्वनी ठरतात, आणि शिक्षकास याचा पत्ताही लागत नाही.

छापील पुस्तकाची पाने मोबाइलने टिपून त्यांची पीडीएफ पाठविणे ही दुसरी सवय. तिच्यात अक्षरेच नसतात, केवळ चित्र असते. त्यामुळे पडदा-वाचक गप्प राहतो. चित्रातून अक्षरे ओळखणाऱ्या आज्ञावल्या मराठीसाठीही उपलब्ध आहेत. मात्र जोडाक्षरांत त्या चुकू शकतात, म्हणून मुद्रितशोधन अपरिहार्य आहे. ‘आचाऱ्यास’ आणि ‘आचार्यास’ यांतील फरक यंत्राने गमावला, तर स्वयंपाकी व गुरू यांची अदलाबदल होते! प्रताधिकाराची भीतीही बाळगण्याचे कारण नाही. दिव्यांगांसाठी पुस्तकाचे सुलभ स्वरूपात रूपांतर करण्याची मुभा 2012 च्या दुरुस्तीने प्रताधिकार कायद्यातच दिली आहे.

यावरील उपाय खर्चिक नाही. टिपणे प्रारंभापासून युनिकोडमध्ये टंकित करावीत. मथळे केवळ ठळक न करता मथळा म्हणूनच नोंदवावेत, जेणेकरून ऐकणाऱ्यास एका प्रकरणातून दुसऱ्यात जाता येईल. आकृतीस पर्यायी वर्णन द्यावे. ‘आलेख’ एवढा शब्द पुरेसा नाही. ‘किंमत वाढत असता मागणी घटत जाणारी, डावीकडून उजवीकडे उतरणारी रेषा’ असे लिहिल्यास अर्थशास्त्राचा विद्यार्थी ती रेषा मनात काढू शकतो. असा मजकूर ध्वनिचित्रफितीपेक्षा कितीतरी हलका असल्यामुळे सामाईक मोबाइलवर अल्प वेळात उतरवून घेता येतो. म्हणजे दृष्टिहीनासाठी केलेली सोय दुसरीसही उपयोगी पडते.

ध्वनी व वेळ :

कर्णबधिर विद्यार्थ्यांसाठी व्याख्यानास मराठी उपशीर्षके हवीत. यंत्राने तयार केलेली उपशीर्षके पारिभाषिक शब्दांत फसतात. ती शिक्षकाने स्वतः तपासावीत. ज्यांची पहिली भाषा भारतीय सांकेतिक भाषा आहे, त्यांना लिखित मराठी ही दुसरी भाषा असते. त्यांच्यासाठी केवळ उपशीर्षके अपुरी पडतात. दुभाष्याची जोड द्यावी लागते. खर्चाचा प्रश्न खऱ्या अर्थाने उद्भवतो तो येथे, आणि एकट्या महाविद्यालयास तो पेलणे कठीण आहे.

वेळेचा प्रश्न मात्र बहुतांशी नियोजनाचा आहे. सकाळी 11 वाजता एकदाच होणारे थेट व्याख्यान पहिल्या पाळीच्या कामगारास कधीच मिळत नाही. ध्वनिमुद्रण ठेवल्यास मिळते. परीक्षेबाबत केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार पात्र दिव्यांग परीक्षार्थींना दर ताशी किमान 20 मिनिटे अधिक द्यावयाची असतात. लेखी परीक्षेत पर्यवेक्षक तो वेळ देतो. ऑनलाइन चाचणीत वेळ संपताच उत्तरपत्रिका आपोआप बंद होऊ शकते, आणि तेथे विनंती ऐकण्यास कोणी नसते. मूडलसारख्या प्रणालीत विशिष्ट विद्यार्थ्यापुरती वेळमर्यादा वाढविण्याची सोय आहे; ती वाढ चाचणी सुरू होण्यापूर्वीच नोंदविलेली बरी. त्यासाठी कोणत्या विद्यार्थ्यास कशाची गरज आहे, ही विचारणा प्रवेश-अर्जातच व्हावयास हवी.