हजारांतली एक – पण खरी कोणती?

सोने घेताना आपण ते कसोटीला लावतो, पैठणी घेताना पदर उलटून मागची बाजू पाहतो. पण १९७७ सालची ट्रायम्फची ‘सिल्व्हर ज्युबिली बॉनव्हिल’ समोर आली, की भलेभले शौकीन रंगावर भाळतात आणि साध्या गाडीला ज्युबिलीची किंमत मोजून बसतात.

या गाडीचे कूळ असे. राणी एलिझाबेथ दुसरी १९५२ साली गादीवर आली. १९७७ साली त्याचा रौप्यमहोत्सव झाला. कॉव्हेंट्रीजवळच्या मेरिडन येथील ट्रायम्फचा कारखाना तेव्हा कामगारांची सहकारी संस्था चालवीत होती. पैसा बेताचा, मग नवी गाडी कुठून काढणार? नेहमीच्या ७४४ सी.सी.च्या बॉनव्हिललाच त्यांनी सणाचा साज चढविला. आधी हजार गाड्या ब्रिटनसाठी, मग हजार अमेरिकेसाठी, वर सुमारे चारशे इतर देशांसाठी! ‘हजारांतील एक’ अशी अक्षरे बाजूच्या झाकणावर मिरविणारी ही बया चोविसशेंच्या आसपास निघाली. जाहिरातीचे गणित असेच सैल असते.

साज मात्र देखणा. रुपेरी टाकी, तिच्यावर निळा पट्टा आणि लाल-पांढऱ्या बारीक रेघा. निळी बैठक, तिला लाल किनार. चाकांच्या धावांवरही मधोमध निळा रंग. साध्या बॉनव्हिलची इंजिनाची झाकणे नुसती घासून चकचकीत केलेली असतात. ज्युबिलीची क्रोमचा मुलामा दिलेली. पण रंगारी गल्लोगल्ली मिळतो आणि मुलामाही चढविता येतो. एवढ्यावर विसंबू नये.

खरी कुंडली असते क्रमांकात. इंजिनाच्या डाव्या अंगाला, सिलिंडरच्या बुडाशी तो ठोकलेला असतो. तोच सांगाड्याच्या मानेवर, हँडलच्या खाली. दोन्ही जुळलेच पाहिजेत. त्यात दोन अक्षरांची जोडी असते : पहिले महिन्याचे, दुसरे वर्षाचे. १९७७ चे अक्षर ‘पी’. ‘एफ’ वगळलेले असल्याने जून म्हणजे ‘जी’. शिवाय ज्युबिलीची खूण म्हणून ‘जे’ येतो. इथेच फसगत होते. कारण जोडीतल्या ‘जे’चा अर्थ निराळा : पहिल्या जागी ऑगस्ट, दुसऱ्या जागी १९७४! तेव्हा ‘जे’ दिसला म्हणून हुरळून जाऊ नये, तो कुठे बसला आहे ते पाहावे.

आणि क्रमांकाखालची जमीन पाहावी. तिथे कंपनीच्या नावाची बारीक, उठावाची नक्षी असते. जुना आकडा कानशीने घासून नवा ठोकला, की ती नक्षीही जाते. आम्हा भाषेच्या मास्तरांना हा खटाटोप ओळखीचा वाटतो. एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा त्यांनाही मूळ कोणते आणि मागाहून घुसडलेले कोणते, हेच निवडायचे होते.

गाडीबरोबर मालकीचे प्रमाणपत्रही मिळे. ते असले तर उत्तमच. पण कागद एका गाडीचा आणि गाडी दुसरीच, असेही घडू शकते. म्हणून त्यावरचा क्रमांक इंजिनाशी ताडून पाहावा. पुष्कळांनी ज्युबिली घेऊन, पुढे भाव येईल म्हणून, न चालविता झाकून ठेवली. अशा गाडीचे टायरसुद्धा मूळचे सापडतात.

उलटाही प्रकार होतो. एखाद्याला हा दरबारी थाट आवडला नाही आणि त्याने अस्सल ज्युबिली काळ्या रंगात बुडविली. क्रमांक शाबूत, झाकणांचे क्रोम शाबूत, पण विकणाऱ्याला पत्ता नाही! अशी गाडी साध्या भावात हाती लागली, तर घेणाऱ्याची दिवाळीच.