चहा, काढा आणि जोशांदा

आपल्या हैदराबादेतील मराठी घरात तीन विद्या एकाच चुलीवर सुखाने नांदत असतात. डब्यातली चहाची पूड ही मूळची चीनची विद्या. कुंडीतली गवती चहाची पात आणि सुंठेचा तुकडा ही आपली आजीबाईंची विद्या. आणि पडसे झाले म्हणजे हकीमसाहेबांकडून येणारी जोशांद्याची पुडी ही युनानी विद्या. ‘चहा’ आणि ‘चाय’ हे दोन्ही शब्द चीनच्या ‘चा’ या एकाच शब्दाचे अवतार होत. पेये आपण घेतली. पण ती करण्याची रीत व घेण्याची वेळ मात्र पुष्कळदा विसरलो. म्हणून हा लेखप्रपंच.

आयुर्वेदाने औषधी वनस्पतींचा उपयोग करण्याच्या पाच रीती सांगितल्या आहेत : स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट. त्यांपैकी शेवटच्या तीन रीती पेयांच्या दृष्टीने महत्त्वाच्या. उकळून आटवितात तो क्वाथ, म्हणजेच आपला काढा. थंड पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी गाळतात ते हिम. कढत पाणी ओतून झाकून ठेवतात तो फांट. गंमत अशी की, युनानी वैद्यकातही हाच भेद आहे : उकळलेला तो जोशांदा, भिजवलेला तो खिसांदा. चीनमध्येही औषधी मुळ्या उकळून काढा करतात. चहाची पाने मात्र कढत पाण्यात नुसती मुरवितात. म्हणजे चिनी चहा हा आपला फांटच होय!

हा भेद शास्त्राला धरूनच आहे. मुळे, साली व लाकूड कठीण असतात. त्यांतील सत्त्व उकळल्यावाचून उतरत नाही. म्हणून सुंठ, दालचिनी, ज्येष्ठमध उकळावे. पाने आणि फुले कोवळी. त्यांचा गुण बहुतांशी सुगंधी तेलात असतो, व ते तेल वाफेबरोबर उडून जाते. म्हणून गवती चहा, तुळस व पुदिना शेवटी घालून, विस्तव बंद करून, झाकण ठेवावे. पंधरा मिनिटे खळखळ उकळलेल्या तुळशीचा वास घरभर दरवळतो खरा, पण पेल्यात थोडाच उरतो.

आठव्या शतकात लू यू या चिनी पंडिताने चहावर ग्रंथ लिहिला. आले, पुदिना, संत्र्याची साल असे नाना पदार्थ चहाबरोबर रटरटा उकळण्याच्या चालीवर त्याने त्यात कडक टीका केली आहे. आपला मसाल्याचा चहा पाहून तो काय म्हणाला असता, याची कल्पनाच केलेली बरी! चिनी हिरवा चहा करावयाचा तर उकळी आल्यावर पाणी थोडे निवू द्यावे, मग पाने घालून दोन-तीन मिनिटांत गाळावा. नाही तर तो कडवट होतो. तेथे वाळविलेल्या शेवंतीच्या फुलांचाही असाच फांट उन्हाळ्यात घेतात. मात्र बाजारातील हारांची शेवंती कोणी पेल्यात घालू नये. तिच्यावर कीटकनाशके फवारलेली असू शकतात.

आता वेळेविषयी. या बाबतीत मोलाचा सल्ला आपल्याच गावातून आलेला आहे. 1918 साली कुन्नूर येथे सुरू झालेली व 1958 साली हैदराबादेस आलेली राष्ट्रीय पोषण संस्था तार्नाका भागात आहे. तिच्या 2024 सालच्या आहारविषयक मार्गदर्शिकेत सांगितले आहे की, जेवणापूर्वी व जेवणानंतर निदान एक तास चहा-कॉफी घेऊ नये. चहातील टॅनिन अन्नातील लोहाला बांधून टाकते, व ते लोह अंगी लागत नाही. चहाच्या एका पेल्यात 30 ते 65 मिलिग्रॅम कॅफीन असते. दिवसाची मर्यादा 300 मिलिग्रॅमची.

हा नियम किरकोळ समजू नये. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी 57 टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. आपल्या घरची गृहिणी सर्वांना वाढून शेवटी पोळीबरोबर चहा घेते, आणि पालेभाजीतले लोह वाया जाते. तिने चहा तासभर पुढे ढकलावा व पोह्यांवर लिंबू पिळून घ्यावे. लिंबातील ‘क’ जीवनसत्त्व लोह शोषण्यास मदत करते. पैशाचाही खर्च नाही.

शेवटी एक सावधगिरी. 2020 च्या साथीत घरोघर काढ्यांना ऊत आला. ‘वनस्पतीच ती, अपाय कसला?’ ही समजूत बरोबर नाही. ज्येष्ठमध फार दिवस घेतल्यास रक्तदाब वाढतो. गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृतास इजा झाल्याचे मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 साली नोंदविले. म्हणून गर्भवती स्त्रिया, रक्तदाबाचे रोगी व नेमाने औषधे घेणारे यांनी वैद्यांना वा डॉक्टरांना विचारूनच काढा घ्यावा. आणि ताप तीन दिवस हटला नाही, तर काढ्याच्या भरवशावर बसू नये.

पेय साधे असावे, रीतीने करावे, वेळेवर घ्यावे. एवढे पाळले तर चीनचा चहा, हकिमांचा जोशांदा आणि आजीबाईंचा काढा हे तिघेही आपले मित्रच आहेत.