मनीचे केस का गळतात?

जळगावात किंवा धुळ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या ब्लॉकमध्ये राहणारी मनी. तिने उकिरडा पाहिलेला नसतो, उंबरठा ओलांडलेला नसतो. तरी एके दिवशी तिच्या शेपटीच्या बुडाशी केस गेलेले दिसतात आणि घरात तीन मते पडतात. आजी म्हणतात, उष्णता झाली. वडील म्हणतात, खरूज आहे, पोरांना लागेल, पोत्यात घालून गावाबाहेर सोडून या. मुले रडू लागतात. अशी कित्येक मांजरे बरा होण्याजोगा आजार असताना घराला मुकतात.

निकाल देण्यापूर्वी मांजराची जीभ समजून घेतली पाहिजे. तिच्यावर मागे वळलेले बारीक, कठीण काटे असतात. अंगाला खाज सुटली की मांजर नखांपेक्षा जिभेचा आधार अधिक घेते आणि चाटून चाटून केस तोडते. म्हणजे पुष्कळदा केस गळत नाहीत, ते चाटले जातात. उघड्या जागेवरून बोट फिरवा. खुंट टोचले, तर केस तुटलेले आहेत असे समजावे.

कुठले केस गेले, यावरूनही बराच अंदाज येतो. कंबर आणि शेपटीचे बूड उघडे पडले असेल, तर पहिला संशय पिसवांवर घ्यावा. काही मांजरांना पिसूच्या लाळेचेच वावडे असते. एकदोन चावेही त्यांना दिवसेंदिवस खाजवायला लावतात. "आमच्या मनीच्या अंगावर एकही पिसू नाही," असे गृहिणी सांगतात, आणि ते खरेही असते. कारण चाटताना मनीने पुरावा गिळलेला असतो! अशा वेळी उवांच्या फणीने तिचे केस विंचरून पडलेला काळा चुरा ओल्या पांढऱ्या कागदावर टाकावा. भोवती तांबूस डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त होय.

कानाच्या कडा, चेहरा आणि मान यांवर जाड खपल्या धरल्या असतील, तर ती खरी खरूज असू शकते. ती सूक्ष्म किड्यांमुळे होते आणि औषधाने बरी होते. गोल, कोंडा धरलेले चट्टे हे बहुधा गजकर्णाचे लक्षण आहे. ही बुरशी माणसांनाही लागते, विशेषतः मुलांना. घरात कुणाच्या हातावर किंवा मानेवर लाल कडे उठले, तर त्यालाही डॉक्टरांकडे न्यावे. दुकानातून न विचारता आणलेली मिश्र मलमे चोळू नयेत. त्यांतल्या स्टेरॉइडने खाज तेवढी दबते, बुरशी मात्र फोफावते. पोट आणि मांड्यांची आतली बाजू उघडी पडली, तर पिसवांबरोबरच मूत्राशयाचे दुखणे किंवा घरबदलाचा ताणही ध्यानात घ्यावा लागतो.

शाकाहारी घरांतला एक प्रश्न निराळा आहे. दूध-पोळीवर मांजराचे पोट भरते, पण पोषण होत नाही. त्वचेला लागणारी काही द्रव्ये त्याला प्राणिज अन्नातूनच मिळतात. केस निस्तेज आणि विरळ झाले असतील, तर वाटीत काय पडते तेही पाहावे. घरी मांस शिजत नसेल, तर मांजरांसाठी बनवलेले तयार अन्न आणता येते.

आता सर्वांत महत्त्वाचे. मांजराच्या अंगाला लावलेले औषध त्याच्या पोटात जाते. रॉकेल, फिनेल, जंतुनाशक द्रावण, कडुनिंबाचे तेल यांपैकी काहीही लावू नये. माणसाचे किंवा कुत्र्याचे यकृत जी रसायने सहज निकामी करते, त्यांतली कित्येक मांजराच्या यकृताला पेलत नाहीत. कुत्र्यांच्या पिसवांवरचे परमेथ्रिनयुक्त औषध मानेवर टाकल्याने मांजरे झटके येऊन दगावतात. वेदना शमावी म्हणून दिलेली पॅरासिटामॉलची एक गोळीही जीवघेणी ठरते. जिल्ह्याच्या गावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतोच. तिथे त्वचेचे खरवडण घेऊन तपासता येते आणि मांजराच्या वजनाप्रमाणे औषध मिळते.

पण औषध एकट्या मनीला देऊन भागत नाही. नाहीतर रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशी गत व्हायची. पिसवा रक्त पितात मांजराच्या अंगावर, पण त्यांची अंडी गादीत, सतरंजीत, सोफ्याच्या फटीत पडतात. खानदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो. त्या कोरड्या धगीत पिसवांच्या अळ्या उघड्यावर तग धरत नाहीत. घरात मात्र आपण कूलर लावून त्यांना हवा तो दमटपणा पुरवतो! म्हणून दिवाळीच्या साफसफाईत मनीचे अंथरूण गरम पाण्यात धुवावे, फटी झाडाव्यात, केर लगेच घराबाहेर टाकावा. घरातल्या सगळ्या मांजरांचे औषध निदान तीन महिने चालू ठेवावे, कारण कोशातली पिसू आठवडेच्या आठवडे दडून राहते.

ती बाहेर पडते माणसांच्या पावलांच्या हादऱ्याने आणि अंगाच्या उबेने. म्हणूनच सुट्टीहून परतून कुलूप काढल्यावर, बंद घरात शिरताच पायांना चावे बसतात. गावाला निघण्याआधी घर झाडून जा आणि आल्यावर पुन्हा झाडा. मनीला सोडून देऊन पिसवा जात नाहीत. त्या गादीतच राहतात आणि मग चावायला तुम्हीच तेवढे उरता.